वसुधाला न आवडणारा कोड

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमसुलं उन्हात घालत होते. फोन ठेवला आणि उरलेलीही घातली. रडू आलं नाही. अजूनही नीट आलेलं नाही...

आम्ही दोघी रत्नागिरीतल्या एका खासगी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात समोरासमोर बसायचो. डिस्चार्ज झाला की पेशंटची फाईल खाली आमच्याकडे येते आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला आम्ही ठरलेला कोड देतो. धाप लागली तर एक, घरघर असेल तर दुसरा. श्वासाचं काहीतरी बिघडलंय पण काय ते लिहिलेलंच नाही, अशांसाठी आर झिरो सिक्स पॉइंट नाइन, म्हणजे अनिर्दिष्ट. वसुधाचा त्याच्यावर भारी राग. "हा कोड नव्हे गो, कंटाळा आहे," म्हणायची आणि फाईल घेऊन थेट वॉर्डात, डॉक्टरांना विचारायला. एकदा मिरजोळ्याच्या एका आजोबांच्या फाईलवर दमा लिहिला होता. ते म्हणाले होते, "दम लागता". बाहेरून आलेल्या नव्या डॉक्टरांनी दमा ऐकला. वसुधा विचारून आली, नुसती धाप होती. त्यानंतर मी कधी चहाची घाई केली, की "दम खा, दमा नको," म्हणून मला पिडत राहिली.

तिला आमच्याच रुग्णालयात आणलं होतं. श्वास तुटक चालत होता. तपासण्या व्हायच्या आत ती गेली. फाईल माझ्या टेबलावर आली तेव्हा निदान एवढंच होतं : श्वसनात अनियमितता. मी वॉर्डात गेले, ती जायची तशी. तिला तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला बसवलं. "ताई, खरंच कळलं नाही मला," म्हणाल्या. मला राग यायला हवा होता, तोही आला नाही. खाली येऊन मी तिचा नावडता कोड घातला. दुसरा कुठलाही खोटा ठरला असता.

परवा खेडहून तिची आई कागद न्यायला आली. वसुधाच्या खुर्चीत बसली.

"काय झाला होता गो तिला? शेजारी विचारतात. एक नाव तरी सांग."

"श्वास बिघडला होता, काकी. का, ते कळलं नाही."

"तुमच्याकडे सगळ्याला नंबर असतो म्हणायची."

"असतो. न कळलेल्यालाही असतो."

"मग तो सांग."

मी सांगितला. काकींनी तो माझ्यामागून हळूहळू म्हटला... आणि बरोबर येतोय ना, म्हणून मलाच पुन्हा विचारलं.