बसली की चौऱ्याऐंशी

"मशीन खराब आहे," असं मी भर ओपीडीत जाहीर केलं. मशीन ठणठणीत होतं. बिघडलं होतं माझं डोकं, आणि त्याला कारण कोमल.

कोमल म्हणजे वेल्ह्याकडच्या आमच्या उपकेंद्रात आलेली नवी सिस्टर. मी रिटायरमेंटला टेकलेली. इतकी वर्षं बाया 'बाई, बाई' करत माझ्यामागं असायच्या. ही आली आणि सगळ्या 'कोमलताई'! हिचं इंजेक्शन म्हणे दुखतच नाही. माझा असा जळफळाट झाला की मी केस काळे करून घेतले. कपाळही थोडं काळं झालं.

वरच्या वाडीची सुनंदा सासूबरोबर आली, तीही मला ओलांडून कोमलपुढच्या स्टुलावर बसली. कोमलनं तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. रक्तात ऑक्सिजन किती, ते हा चिमटा सांगतो. पंचाण्णवच्या पुढं हवा. आला चौऱ्याऐंशी.

कोमलच्या मशीनला नावं ठेवत मी सुनंदाला कॉटवर घेतलं. माझी पद्धतच ती, पेशंट आला की आधी आडवा. माझं मशीन लावलं. शहाण्णव!

"म्या काय म्हंते?" सासू म्हणाली. "आडवी पडली की बरी, धार काढाया बसली की दम लागतो. कामचुकार हाय."

"तसंच दिसतंय," मी म्हणाले. कोमलला ऐकू जावं म्हणून चांगलं मोठ्यानं. सुनंदानं भिंतीकडं तोंड केलं.

कोमल वाद घालत बसली नाही. माझंच मशीन बोटाला ठेवून म्हणाली, "ताई, उठून बसा बरं."

आकडा उतरायला लागला. नव्वद. शहाऐंशी. ओठ निळसर. परत निजवलं, तर चढला. मला आधी काय वाटलं असेल? हे मला का नाही सुचलं! पेशंटची काळजी त्यानंतर.

पुण्याच्या डॉक्टरांनी उलगडा केला. आईच्या पोटात असताना प्रत्येकाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक खिडकी असते. जन्मल्यावर ती मिटते; हिची बारीकशी उघडी राहिली होती. पुष्कळांची राहते, त्रास होत नाही. पण सुनंदाच्या पाठीला बाक. ती बसली की हृदयाची ठेवण बदलायची आणि अशुद्ध रक्त फुप्फुसांत न जाताच भोकातून पलीकडं निसटायचं. मांडीच्या शिरेतून नळी घालून त्यांनी भोकावर झाकण बसवलं.

बरी होऊन आली तेव्हा ती ताठ बसून कोमलशी हसत बोलत होती. मी कोपऱ्यात बँडेज गुंडाळत होते. गुंडाळलेलीच पुन्हा गुंडाळत होते. पेशंटला जिथं त्रास होतो तिथंच मोजावं, एवढं शिकायला मला नोकरीचं शेवटचं वर्ष लागलं.

जाताना सुनंदा माझ्यापाशी थांबली.

"बाई, सासूबाईंना तेवढं सांगता का, म्या कामचुकार नव्हते म्हून? कोमलताईनं लई सांगून बघितलं. पर त्या तुमचंच ऐकत्यात."