बकरीनं घेतलेल्या गोळ्या

पडेगावकडं शहर वाढत होतं आणि टँकर आठवड्यातून एकदाच येत होता, त्या दुष्काळातली गोष्ट. आतड्यातले पॉलिप, म्हणजे मांसल गाठी, काढून वर्ष झालं, म्हणून मी पुन्हा दवाखान्यात दुर्बिणीच्या तपासणीला आलो होतो. शेजारच्या खुर्चीवरचे मेंढपाळ बाबाही त्याचसाठी आलेले. पॉलिप परत येऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या होत्या; मी त्या एक दिवस न चुकवता घेतल्या होत्या.

"तुम्ही घेतल्या का?" मी विचारलं.

"बकरीला दिल्या," मांडीवरची घोंगडी सारखी करत ते म्हणाले. "मला गिळाया गिलासभर पाणी लागतं. ती कोरडीच चावती."

दुपारी निकाल कळला. त्यांचं आतडं साफ, माझ्या आतड्यात दोन नवे पॉलिप.

बाबांना माझी खरोखर कीव आली.

"तुमच्याकडं बकरी नाय व्हय?"