मोकळ्या जगातली भाजीवाली

तेव्हा आम्ही अकोल्यात राहत होतो. आई बाजारात भाजी विकायची आणि मी कॉलेज सोडून दिवसभर ओपन वर्ल्ड गेम खेळायचो. त्या जगात डोंगर दिसला की चढता यायचं, घोडा दिसला की पळवता यायचा, कोणी अडवत नसे. त्याची मला नशाच होती.

एका दुपारी आई घरी आली तेव्हा मी गेममधल्या भाजीवालीला लाथ मारून तिची टोपली उलटवली होती.

“तिले काहून मारलं रे?” आईनं विचारलं.

मी तिला गंमत दाखवली. गेममधल्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो, तर टोपली पुन्हा भरलेली आणि बाई हसून माझं स्वागत करत होती.

“पाह्य, तिले काहीच आठवत नाई,” मी म्हणालो.

“एवढं मोठं जग बनवलं,” आई म्हणाली, “आन् एका बाईले राग येऊ देला नाई.”

तिला काय कळतं, असं मला वाटलं. त्याच संध्याकाळी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी तिनं वाढलेलं ताट भिंतीवर फेकलं. अशी ताटं मी पुष्कळ फेकली. सकाळी ती पुन्हा वाढायचीच.

आता ती अमरावतीला माझ्या बहिणीकडे राहते. मागच्या खेपेला मी तिचे पाय धरले आणि त्या ताटांची माफी मागितली.

“मले काहीच आठवत नाई,” ती हसून म्हणाली. “चहा घेतं का?”