सीटवरचा रुमाल

महाड डेपोत पोलादपूरच्या गाडीत एकच सीट उरली होती. खिडकीतून रुमाल टाकून तीही कुणीतरी धरलेली. मी रुमाल खाली पाडला, चपलेखाली दाबला आणि बसलो. गळ्यात क्रूस घातलेला एक म्हातारा लंगडत आला.

"माझा रुमाल होता इथं."

"इथे काही नव्हतं," मी म्हणालो. शिक्षक आहे मी!

तो पोलादपूरपर्यंत दांडा धरून उभा राहिला. उतरायला मी पाय उचलला आणि रुमाल त्याला दिसला. मला मान वर करवेना.

"दारूपायी मी बायकोला घराबाहेर काढलेली," तो हळूच म्हणाला. "येशूनं त्याची पण माफी दिली मला. हा तर नुसता रुमाल हाय."

रुमालावर माझ्या चपलेचा ठसा उमटला होता. त्याने रुमाल उचलला आणि ठसा कुणाला दिसणार नाही, अशी घडी घातली.