डाव्या भुवईतली खाच

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजही हसतो. माझा विश्वास डोळ्यांवर आणि फूटपट्टीवर. तरी हे लिहितोय, कारण एकदा ती फूटपट्टीच तोंडावर पडली...

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात एका ऑफिसात कारकून होतो आणि संध्याकाळी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका मास्तरांकडे ऑइल पेंटिंग शिकायचो. हौस म्हणून नव्हे. मी सहा महिन्यांचा असताना आई गेली, तिचा एकही फोटो नव्हता. दादा — माझे वडील, होटगीला रेल्वेत गँगमन — सांगतील तशी आई काढायची, एवढाच हेतू. पण विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "कसं सांगू रं? चांगली हुती की."

मास्तर म्हणाले, आधी जुन्या उस्तादाची नक्कल कर. एका विलायती बाईच्या पोर्ट्रेटची छापील प्रत होती त्यांच्याकडे. प्रतीवर काच, काचेवर चौकटी आखलेल्या, आणि चित्र उलटं टांगलेलं! "नाक काढतोय म्हटलं की माणूस डोक्यातलं नाक काढतो. तू नुसते डाग उतरव." दोन महिने मी बाई नव्हे, चौकटी रंगवल्या. झकास रंगवल्या, उगाच विनय कशाला?

सुलटं केलं तर हुबेहूब. फक्त डाव्या भुवईत एक तिरकी खाच. मास्तर हसले, "शहाण्या, कागदाची घडीसुद्धा उतरवलीस? घरी जाऊन बुजव."

घरी ब्रश उचलला, तोच दादा मागून ओरडले, "हात लावू नगं!"

ते खालीच बसले. "तुजी आई ल्हानपणी विहिरीच्या पायरीवर पडली हुती. हितंच खोक पडली. तितं केस उगवलेच न्हाईत."

हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. दादा रडत होते... आणि मग बोलायलाच लागले. "नाक लई धारदार झालंय. हनुवटी ल्हान कर." आठवडाभर ते सांगत गेले, मी त्याच चित्रावर रंगवत गेलो. परकी बाई गेली, आई आली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला पाहिलं.

नंतर मास्तरांकडे जाऊन ती छापील प्रत काढली. काच बाजूला करून, दारातल्या उन्हात धरून दोघांनी पाहिली. घडी नव्हतीच. भुवई अखंड होती.

ब्रश घसरला असेल म्हणा. मीही म्हणून पाहिलंय, पटत नाही. पुढे हात सुधारला तसं त्या चित्रातलं नाक, गाल, पदर पुन्हा रंगवलं. भुवईला मात्र आजवर ब्रश लावलेला नाही. बाकी सगळी आई दादांनी सांगितली म्हणून आली. भुवई तेवढी न सांगता आली.