क्रोधाची पहिली वाटी

नव्याण्णवच्या डिसेंबरात आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात जगाचा शेवट अगदी उंबऱ्यापाशी येऊन थांबला होता...

झालं असं की आमच्या चर्चमध्ये बाहेरगावचे एक प्रचारक आले. भिंतीवर भलामोठा तक्ता लावून त्यांनी बायबलमधली भविष्यवाणी समजावली. दोन हजार साल आलं, आता महासंकट येणार, देवाच्या क्रोधाच्या सात वाट्या पृथ्वीवर ओतल्या जाणार. विश्वासणाऱ्यांना मात्र त्याआधीच वर स्वर्गात उचलून घेतलं जाईल. (वाट्या म्हटलं की मला तांबडा रस्साच आठवायचा... कोल्हापूरची पोरगी, दुसरं काय आठवणार!)

आईला ते शंभर टक्के पटलं. पप्पांना अजिबात नाही. संकटातून आपल्यालाही जावं लागणार, देव सुटका नाही, सोबत देतो, असं त्यांचं म्हणणं. जेवताना रोज बायबलमधलं वचनावर वचन... आमटी गार व्हायची, पण दोघं हटायचे नाहीत.

त्यात आई पडली व्यवस्थेची. वर जायचं तर मागे घराचं काय? तिनं जादाची किल्ली शेजारच्या नसीमभाभींना दिली. आम्ही एकदम दिसेनासे झालो तर गॅस बंद कर, मांजराला दूध घाल, असंही सांगितलं.

भाभींनी किल्ली हातात घेतली. मग म्हणाल्या, "म्हंजे तुमी सगळी वर जानार आन् मी हितंच ऱ्हानार व्हय?"

आई तशीच परत आली.

तेव्हा रमजान चालू होता. रोजा सोडायच्या वेळी आई भाभींकडे वाटीतून काहीबाही पाठवायची आणि ती वाटी खजूर नाहीतर भजी घेऊनच परत यायची. त्या संध्याकाळी मात्र ती आली घासूनपुसून लख्ख... आणि रिकामी.

"आली क्रोधाची पहिली वाटी," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळी आई दवाखान्यात होती, तेव्हा आम्हाला भाभींनीच जेवू घातलं होतं. आता त्या जिन्यात दिसल्या तरी मान फिरवायच्या. आई आतल्या आत झुरत होती आणि मला तिचं फार वाईट वाटत होतं. पप्पांनी त्या दिवसांत वादाचा एक शब्द काढला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

नाताळच्या आदल्या दिवशी करंज्यांचा पहिला घाणा निघाला. आईनं त्याच वाटीत करंज्या रचल्या आणि थेट भाभींचं दार वाजवलं. मी मागे होतेच.

"नसीम, संकट यायचं असंल तर येऊ दे. मी बी हितंच थांबनार हाय. तुला टाकून मला वर करमायचं न्हाय."

भाभींनी वाटी हातात घेतली. "मग मांजराला दूध कोन घालनार?"

"मीच की."

आणि दोघी डोळे पुसत हसायला लागल्या. पप्पांच्या सगळ्या वचनांना जे जमलं नाही, ते एका रिकाम्या वाटीनं केलं.

दोन हजार साल उजाडलं. लाईट होती, नळाला पाणीही आलं. आठवड्याभरात ईद झाली आणि वाटी शीरखुर्म्यानं काठोकाठ भरून आली.

आई अजूनही रोज प्रार्थनेत प्रभूची वाट बघते. किल्ली भाभींकडेच आहे, आणि वाटी कायम एकीची दुसरीकडे... रिकामी परत करायची नाही म्हटल्यावर हे देणंघेणं संपणार कसं? उद्या खुद्द देव न्यायला आला, तरी त्याला जरा दारात थांबावं लागेल. आईला आधी भाभींची वाटी भरून द्यायची असेल.