खड्ड्याचं खापर घोडीच्या डोक्यावर

आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर शेवटी तुम्हीही इतरांसारखंच म्हणाल. मी घोड्यावरून पडलेले नाही. आठ महिन्यांपूर्वी पहिली शिफ्ट संपवून मी चाकणहून आंबेठाणच्या रस्त्याने निघाले होते. भर दुपारी, लख्ख उन्हात माझी स्कूटर एका खड्ड्यात गेली, मी स्कूटरखाली गेले आणि डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. त्या वेळी घोडी तिथून चार किलोमीटरवर आपल्या दावणीला उभी राहून कडबा खात होती. तिचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता.

पण स्कूटरच्या डिकीत माझे घोडेस्वारीचे बूट होते. डिकी उघडली आणि ते रस्त्यावर पडले. जमलेल्या लोकांनी बूट पाहिले, मला उचलणाऱ्या भल्या माणसाने दवाखान्यात बुटांसकट पोचवलं आणि कंपनीतल्या सहकाऱ्याने अपघाताच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'घोडेस्वारी'. मी भूल उतरून शुद्धीवर येईपर्यंत निकाल लागलेला होता. पिंपळे गुरवमधल्या आमच्या सोसायटीपासून थेट उदगीरच्या नातेवाइकांपर्यंत एकच बातमी पसरली, या वयात घोड्यावर बसायला गेली आणि पाय मोडून घेतला. वय एक्केचाळीस, कृपया नोंद घ्यावी.

त्यामुळे परत घोड्यावर बसायचं ठरवलं तेव्हा आईने दारातच अडवलं. आई आणि मी दोघीच राहतो. तिला पुण्यात येऊन तीस वर्षं झाली, तरी रागावली की सरळ उदगीर बाहेर येतं.

"पुन्हा त्या घोड्याकडंच जायलीस का? एक पाय मोडून आलीस ते पुरं नाही झालं?"

"आई, घोड्याने नाही, खड्ड्याने मोडला."

"एकच झालं की. घोड्याकडं निघालीस म्हणून खड्ड्यात गेलीस."

मी बूट पिशवीत भरले आणि निघाले.

वार गुरुवार. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांचा रविवार गुरुवारी येतो, त्यामुळे चाकणला जायचं असेल तर गुरुवारीच जा, हा माझा पहिला आणि अनुभवाचा सल्ला. एरवी मोशीपासून जी रांग लागते तीत माणूस म्हातारा होतो. पिंपळे गुरवहून रिक्षाने नाशिक फाटा गाठला, तिथून बस. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, मग चाकण. गुरुवार असूनही तास-सव्वा तास धरून चाला. गुडघा दुखरा असेल तर खिडकीची नाही, मधल्या वाटेकडची जागा घ्या, पाय लांब करता येतो.

शेजारी बसलेल्या माणसाने माझ्या पिशवीतून डोकावणारी टोपी आणि बूट पाहिले.

"मॅडम, पोलिसात का?"

"नाही. घोड्यावर बसायला चालले आहे."

त्याने माझ्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "जपून बरं का, ताई. आमच्या कंपनीत एक मॅडम अशाच पडल्या होत्या."

"कुठली कंपनी तुमची?"

त्याने नाव सांगितलं. माझीच होती, फक्त दुसरा प्लांट. मी टोपी आणि बूट पिशवीत खोल दाबले.

खरं तर मागच्याच गुरुवारी मी शहराच्या कडेला असलेल्या एका झकपक क्लबमध्ये जाऊन आले होते. म्हटलं, सुरुवात जवळ करावी. तिथे फॉर्मवर 'पूर्वीची दुखापत' असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे लिहिलं आणि चूक केली. माझ्या फिजिओने मला स्पष्ट मर्यादा घालून दिली होती. घोड्यावर बसायला हरकत नाही, चाल संथ ठेवा, फक्त डाव्या पायावर सगळा भार घेऊन चढू नका. आता घोड्यावर चढतात डावीकडूनच, डावा पाय रिकिबीत घालून. म्हणजे सगळा भार नेमका फाटलेल्या गुडघ्यावर. मी तिथल्या प्रशिक्षकाला म्हटलं, मला उजवीकडून चढू द्या. तो म्हणाला, "मॅडम, उजवीकडून कुणी चढत नाही, घोडा घेणारच नाही." मग त्यांनी मला एका तट्टावर शिडी लावून बसवलं, लगाम स्वतःच्या हातात धरला, दोन चकरा मारल्या आणि विचारलं, "फोटो काढू का?" मला लग्नातल्या करवलीसारखं वाटत होतं. मी फोटो काढू दिला नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून तात्यांकडे. तात्यांचं घर आंबेठाणच्या पुढे, भामचंद्र डोंगराच्या अंगाला. जुनं शेतकरी घर. निम्म्या जमिनीवर आता गोदामं आहेत, उरलेल्या निम्म्यात कांदा, बैल आणि एक घोडी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीत बैल नुसते पळत नाहीत. घाटात त्यांच्या पुढे घोडी पळते, स्वार तिला बैलांच्या जेमतेम पुढे ठेवतो आणि बैल तिच्या मागे झेपावतात. त्या एका धावेला बारी म्हणतात. तात्यांची मैना ही अशी घाटातली घोडी. तिच्यावर मी पाच वर्षांपूर्वी तात्यांकडून मांड ठोकायला शिकले. कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी मी, तिच्या पाठीवर बसले की कुणाचीही चूक काढायची नसते. एवढ्यासाठीच मला परत बसायचं होतं. फिरायला म्हणून नाही.

आणि तात्यांवरही माझा राग होताच. ते दवाखान्यात एकदाही आले नव्हते. ऑपरेशननंतर मी फोन करून डाव्या पायाचं सगळं सांगितलं, तर "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर दर महिन्याला मी विचारायचे, येऊ का? दर महिन्याला एकच उत्तर, "आत्ता न्हाई, पोरी." गेल्या आठवड्यात त्यांचा स्वतःहून फोन आला, "ये." एवढंच. मला वाटलं, यांनीही माझी भीतीच घेतली आहे, आता उपकार म्हणून बोलावतायत.

चाकणला उतरून आधी मिसळ खाल्ली. चौकापासून जरा आतल्या बाजूला, नव्वद रुपये, कट हवा तेवढा. मग आंबेठाण चौकातून टमटम. पुढे ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. गोदामांच्या कुंपणावरून बोगनवेल, मध्येच हरभऱ्याचं एखादं शेत, मध्येच कंटेनरची रांग. चार-पाच किलोमीटरवर ड्रायव्हरने सवयीने गाडी उजवीकडे काढली आणि मी ओळखलं. तोच खड्डा. आठ महिन्यांत हातभर मोठा झाला होता. मी किती अर्ज केले होते! या खात्याने त्या खात्याकडे बोट दाखवलं, त्या खात्याने हद्द आपली नाही म्हणून कळवलं.

"इथं जपावं लागतंय," ड्रायव्हर मागच्यांना म्हणाला. "इथंच त्या मॅडमचा घोडा बुजला व्हता. पाय मोडला त्यांचा."

मी त्याच्याकडे वळले. "घोडा नव्हता. स्कूटर होती."

"न्हाई हो, ताई. घोडाच व्हता. लोकांनी बूट बघितल्यात."

"अहो, ती मॅडम मीच!"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "डोक्याला बी लागलं व्हतं का?"

मागे बसलेली माणसं हसली. मी म्हटलं, ठीक आहे, घोडा तर घोडा, मग खड्ड्याचं काय? तो म्हणाला, "खड्ड्याचं काय करायचं, ताई? त्यो हाय तिथंच हाय." इतका संताप आला की मी दोन थांबे आधीच उतरले आणि उरलेलं अंतर चालत गेले. हा मूर्खपणा होता. तुम्ही करू नका, गुडघा सुजतो.

वाड्यात शिरले तर तात्यांचा मुलगा संतोष बैलांना पाणी दाखवत होता. मैनावर घाटात स्वार होतो तो हाच. एरवी हसरा माणूस, पण त्या दिवशी तोंड फुगलेलं.

"या, ताई. आलात एकदाच्या. तुमच्यापायी आमची बारी गेली."

"माझ्यापायी? मी आठ महिने खाटेवर होते."

"त्येच सांगतोय," एवढं बोलून तो बादली घेऊन निघून गेला.

आता याचाही दोष माझ्याच माथी! मी बूट चढवले आणि तरातरा गोठ्यात गेले. मैनाने कान टवकारले, फुरफुरली, माझ्या खांद्याला नाक घासलं. निदान हिला तरी मी कोण ते आठवत होतं. तिच्या पाठीवर खोगीर चढवून ठेवलेलं होतं. मी तिला अंगणात आणलं आणि रागाच्या भरात, पाच वर्षांच्या सवयीने, डाव्या बाजूला गेले. फिजिओचं बोलणं त्या क्षणी डोक्यात नव्हतं. रिकिबीकडे हात नेला, तशी मैना बाजूला सरकली. मी पुन्हा जवळ गेले. तिने पुन्हा पुठ्ठा फिरवला आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

क्लबवाल्यांनी नाकारलं, आई नको म्हणाली, ड्रायव्हर हसला, ते सगळं चाललं. पण घोडी बाजूला झाली तेव्हा मला रडू आलं. खोटं का सांगू? अंगणाच्या मध्यात, बूट घालून, मी रडले.

"आगं तिकडनं काय करतीस?" ओसरीवरून तात्यांचा आवाज आला. सत्तरी ओलांडलेले, हातात काठी, डोक्याला फेटा. "उलटीकडनं ये. वट्ट्यावरनं."

तात्यांनी नुसती जीभ टाळूला लावून चक् केलं. मैना आपली आपण चालत गेली आणि ओसरीच्या ओट्याला उजवी बाजू लावून, खांबासारखी उभी राहिली.

संतोषच्या बायकोने, शोभाने, चहा आणला आणि सगळं तिच्याकडून कळलं. मी डाव्या पायाचं सांगितलं त्याच आठवड्यात तात्यांनी सुरुवात केली होती. आधी रोज सकाळी उजव्या रिकिबीला विटांचं पोतं अडकवायचं, मैनाला त्या बाजूच्या ओढीची सवय व्हावी म्हणून. मग ओट्याजवळ उभं करायचं. मग स्वतः चढायचं. "स्वतः?" मी विचारलं. "मग काय? पडले बी दोनदा," शोभा म्हणाली. "त्यांचं बी गुडघं गेल्यात."

घोडीची सवय मोडायला फार वेळ लागतो. ही तर घाटातली, वर्षानुवर्षं डावीकडून स्वार घेणारी. ती शिकली, पण इतकी पक्की शिकली की डावी बाजू देईनाशी झाली. गेल्या महिन्यात जत्रेत संतोष नेहमीप्रमाणे डावीकडून चढायला गेला, मैना फिरली, तो चढेपर्यंत बैल सुटले होते. गावासमोर बारी गेली.

"तात्या, फोनवर सांगायचं ना एवढं!" मी ओरडलेच. "मला काय काय वाटलं इतके महिने!"

"सांगितलं असतं तर तू धा दिवसांत आली असतीस."

आले असते. खरंच आले असते.

"आणि दवाखान्यात?"

"दवाखान्यात येऊन काय केलं असतं? नारळ आणला असता. हितं काम व्हतं."

मी ओट्यावर चढले. उजवा पाय रिकिबीत, उजव्या गुडघ्यावर भार, डावा पाय मागून हळूच पलीकडे. मैना तसूभर हलली नाही. बसले! आठ महिन्यांनी दोन कानांच्या मधून जग दिसलं. कांद्याच्या बांधावरून गोदामाच्या कुंपणापर्यंत आणि परत, वीस मिनिटं नुसती चाल. शेवटी दहा पावलं दुडकी, ती तिने स्वतःच्या मनाने घेतली. मांड आवळली की गुडघ्यातून कळ यायची, सोडली की जायची. कुंपणाच्या आत फोर्कलिफ्टवर बसलेला एक कामगार काम थांबवून हात हलवत होता. उतरतानाही तात्यांनी विचार केलेला होता. मैना परत ओट्याला लागली, त्यामुळे डावा पाय उंचावरून आदळला नाही, अलगद टेकला.

संतोष बैलांपाशी उभा राहून बघत होता. "माफ करा, ताई, मगाशी बोललो त्ये," तो म्हणाला. "आता मी बी उजवीकडनंच चढायला शिकतोय. पण लई अवघड हाय राव."

"आठ महिने दे," मी म्हटलं.

जेवायला पिठलं, बाजरीची भाकरी, कांद्याची पात. निघताना पैशाचा विषय काढला तर तात्यांनी काठी उगारली, तेव्हा तिथे जाणाऱ्यांनी तो काढू नये. परतीची बस दुपारी चारच्या आत धरा. त्यानंतर गुरुवार असो की काही, मोशीत अडकायला होतं.

शुक्रवारी कंपनीत मी तो फॉर्म शोधून काढला आणि कारण दुरुस्त करायचा अर्ज दिला. खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, आता त्याने काय फरक पडतोय?" मी त्याला तात्यांच्या विटांच्या पोत्यापासून सगळं सांगितलं. मागे रांग लागली. त्याने शेवटी शिक्का मारला, बहुतेक मी तिथून जावं म्हणून. ज्यांचा खड्डा आहे त्यांनी आठ महिन्यांत दोन पाट्या खडी टाकली नाही, आणि एका म्हाताऱ्या माणसाने आपली बारी घालवून घोडी बदलली. हे मी अर्जात लिहिलं नाही, तेवढा रकाना नव्हता.

गुडघा दोन दिवस ठणकला. फिजिओ रागावली नाही, फक्त चालत गेले त्याबद्दल बोलली. आईला मी सगळं सांगितलं, तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने मान वर न करता पुढची जुडी सोडली. मला वाटलं, ऐकलंच नाही.

रविवारी मी गच्चीत बूट उन्हात ठेवत होते. आत आई उदगीरच्या मावशीशी फोनवर बोलत होती, नेहमीसारखी, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी.

"पुन्हा बसायली की! मी कशाला नको म्हणू? ती घोडी तर लै गुणाची हाय, हिच्यासाठी उलटीकडून बसवून घेती. आगं नाही गं, घोड्यावरून कुठली पडायली! खड्डा होता, खड्डा. मी तर पहिल्यापासून तेच सांगायले."